कोपरा फाटलेलं कार्ड

पत्रांची तार अजून तिथंच आहे, स्वयंपाकघराच्या दारामागं, त्याच खिळ्याला. जाड लोखंडी तार, खाली तळहाताएवढी लाकडी चकती, वर आकडा. आलेलं पत्र मास्तर दोनदा वाचायचे, उत्तर लिहायचे, उत्तराची कार्बनवरची नक्कल त्या पत्राला जोडायचे आणि दोन्ही मिळून तारेत खुपसायचे. खच्च असा आवाज यायचा. आमच्या घरातल्या प्रत्येक पत्राच्या पोटात भोक आहे. कुणाचा नमस्कार त्यात गेला, कुणाची सही गेली, मास्तरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. सगळ्यात जुनं पत्र सगळ्यात खाली, नवं वर. एकदा टोचलं की परत काढायचं नाही, आणि त्या तारेला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा होता. मी तो पाळला. मला कुठं वेळ होता मोडायला!

मास्तर म्हणजे माझा नवरा. जानेफळला शाळेत मराठी शिकवायचे आणि घरी कादंबऱ्या लिहायचे. मागच्या वर्षी गेले. सारं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, मीही मनात मास्तरच म्हणत आले, तोंडावर ‘अहो’. घराला तेव्हा दोनच खोल्या होत्या म्हणून पहिली तार स्वयंपाकघरात लागली. पुढं आणखी तीन भरल्या, त्या त्यांच्या खोलीत गेल्या. ही मात्र इथंच राहिली, फोडणीच्या धुरानं पिवळी पडली. तिच्याखाली कोनाडा आहे. त्या कोनाड्यात मी चाळीस वर्षं रोज दिवा लावला.

माझं बोलणं वऱ्हाडी आहे. लिहिणं मात्र असं, पुण्याच्या वळणाचं. त्यात माझी हुशारी काही नाही. सहा कादंबऱ्यांच्या प्रती ज्यानं हातानं केल्या, त्या खांबालाही शुद्धलेखन येईल.

दिवाळीनंतर पुण्याहून प्रकाशकांची नात आली. म्हातारे प्रकाशक केव्हाच गेले, आता ही पोरगीच कारभार पाहते. कानात मोठाल्या रिंगा, बोलायला गोड, पायात चपला घालून थेट स्वयंपाकघरापर्यंत आली आणि तार पाहून हरखली.

“काकू, हा खजिना आहे हो! सरांचा सगळा पत्रव्यवहार. आजोबांची पत्रं, त्या नागपूरच्या प्राध्यापकांची, सगळ्यांची. आम्हाला याचं पुस्तक करायचंय. एका लेखकाची साधना दिसते यातून.”

“दिसत असंन,” मी म्हटलं.

“आणि एक विचारायचं होतं. पहिल्या कादंबरीची हाताने केलेली प्रत अजून आमच्या कपाटात आहे. काय अक्षर आहे ते! आजोबा नवीन माणसांना दाखवायचे, प्रत अशी असावी म्हणून. सरांनी तेव्हा कळवलं होतं की शाळेतला एक लेखनिक करून देतो. कोण होते हो ते?”

मी चहात साखर ढवळत होते. “होता एक,” म्हटलं, “जेवणावर काम करायचा.”

ती हसली. मीही हसले. मग तिनं विचारलं की पत्रांना भोकं आहेत, शाई उडाली आहे, तर त्यांची स्वच्छ प्रत कुणी करून देईल का? मी म्हटलं, मी बघते. ती म्हणाली, “घाई नाही, पण संक्रांतीपर्यंत मिळालं तर फार बरं.” घाई नाही असं म्हणून तारीख सांगायची ही रीत तिच्या आजोबांचीच.

प्रत करायचा हंगाम असायचाच हिवाळ्यात. शेतात तुरीच्या शेंगा भरलेल्या असायच्या, ओट्यावर हरभऱ्याचे डहाळे, आणि माझी बोटं शाईनं निळी. पहाटे चुलीवर पाणी ठेवायचं आणि ते तापेस्तोवर दोन पानं. भाकरी झाल्यावर तीन. मास्तर शाळेत गेले की बैठक मारून चार. मास्तरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यांचं त्यांना लागायचं नाही, मला मात्र लागायचं. कार्बनचा एक वास असतो, थंड, जरा रॉकेलसारखा. त्याच बोटांनी भाकरी थापली की भाकरीला तो वास लागायचा आणि मास्तर नाक मुरडायचे. सगळं झालं की पानांचा गठ्ठा मांजरपाटात गुंडाळायचा, दाभणानं शिवायचा, शिवणीवर लाख वितळवून ओतायची. लाखेचा वास मला फार आवडायचा. तो वास आला म्हणजे आता चार दिवस पाठ सरळ करता येणार.

अक्षर माझ्या बाबांचं. बाबा मलकापूरच्या जिनात कापसाच्या गाठींवर मार्का घालायचे. गाठ दाबून, पट्ट्या आवळून बाहेर आली की तागाच्या पोत्यावर काळ्या रंगानं नंबर, वजन, गावाचं नाव. दुसऱ्या जिनात पत्र्याचे साचे होते. बाबांना साचा लागायचा नाही. कुंचला घ्यायचे, श्वास धरायचे आणि एका दमात ‘मलकापूर’ लिहून मोकळे. त्यांच्या ‘म’ची गाठ घट्ट मिटलेली असायची, त्यात टाचणीचं टोकही शिरलं नसतं. शाळेच्या सुट्टीत मी डबा घेऊन जिनात जायची. सरकीचा तेलकट वास, कापसाचे तंतू हवेत, बाबांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. जेवण झाल्यावर ते माझं बोट धरून पाण्यानं फरशीवर ‘म’ काढायला लावायचे.

“घाई नको करू. वयन (वळण) आलं पायजे,” म्हणायचे. “मालगाडी मुंबईले जाते. तिथं लोकाईले समजलं पायजे का हे मलकापूरच्या मानसानं लिहेल आहे.”

पाणी वाळून जायचं, मी परत काढायची. मला त्या फरशीची आठवण आली की अजून बोट हलतं.

पुण्याची पोरगी गेल्यावर मी तार खाली उतरवली. देव आठवला आणि वरून एकेक पत्र काढायला लागले. वरून म्हणजे अलीकडून पलीकडे. असं उलटं वाचत जाणं मोठं विचित्र असतं. आधी उत्तर कळतं, मग प्रश्न.

प्रकाशकांची पत्रं कोरडी. ‘स. न. वि. वि. मुद्रितं रवाना केली आहेत, त्वरेने तपासून पाठवावीत. आपल्या लेखनिकाचे अक्षर पाहून आमच्या छापखान्यातले जुळारी खूश आहेत.’ मास्तरांची नक्कल: ‘लेखनिकास आपला अभिप्राय कळवला.’ कळवला कुठं! चाळीस वर्षांनी मीच वाचला, तेही चाळशी लावून. प्राध्यापकांची पत्रं मात्र लांबलचक. हे नागपूरचे प्राध्यापक मास्तरांचे जिवलग मित्र. कुणाच्या कवितेत काय खोट, कुणाला बक्षीस कसं मिळालं, संमेलनात वांग्याची भाजी कशी आंबलेली होती, सगळं निळ्या आंतर्देशीयावर कडेकडेनं लिहिलेलं. आमच्याकडं आले की माझ्या हातचं भरीत दोन वेळा मागून घ्यायचे आणि मला ‘वहिनी’ म्हणायचे.

त्यांचं एक पत्र मास्तरांच्या दुसऱ्या कादंबरीवर होतं. त्या कादंबरीत एक लेक बापाच्या मरणाला पोचत नाही. पोचते तेव्हा राखही सावडून झालेली असते. गाजलं ते प्रकरण. प्राध्यापकांनी लिहिलं होतं, ‘ही मुलगी रडत नाही, बापाच्या चपला उलट्या पडल्या आहेत त्या सरळ करते. वाचताना हात थांबला. कुठून आणलंत हे?’ आणि खाली मास्तरांच्या उत्तराची नक्कल. त्यात एकच शब्द. ‘घरूनच.’

ते प्रकरण मी उतरवलं होतं तेव्हा कागदावर पाणी पडून दोन पानं वाया गेली होती. मला वाटलं होतं, बोलत नाही हा माणूस, पण माझं दुःख याला समजलं. मास्तरांना तेव्हा मी गूळ घालून चहा करून दिला होता, आपण होऊन.

कारण त्या चपला मी सरळ केल्या होत्या. बाबांच्या.

ते असं झालं होतं. माघ होता. पहिल्या कादंबरीची प्रत पूर्ण करून मास्तर मेहकरला जाऊन रजिस्टर पार्सल करून आले. येताना जिलेबी आणली. मी दोन खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, “तुह्या बाबाची तब्येत बरी नाही म्हणे. चिखलीचा एक माणूस सांगत होता. जाऊन येऊ.” मी घाईघाईनं डब्यात तिळाच्या वड्या भरल्या, बाबांना आवडतात म्हणून. चिखलीला गाडी बदलली, बुलडाण्याला बदलली, घाट उतरलो. मोताळ्याच्या पुढं सरकीचा वास यायला लागला आणि मी मास्तरांना म्हटलं, आता बाबाईले सांगते, तुमचं वयन पुण्याले गेलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. घरापुढं पाय धुवायची बादली, दारात पुरुष डोक्याला फडक्याची टापशी बांधून बसलेले. माझा भाऊ दिनकर बोडकं डोकं घेऊन पुढं आला.

“ताई, आता येतं का तू? दोन कार्डं टाकले. रोज गाडीच्या टायमाले बाबा दाराकडं पाहे. आज चवथा दिवस हाय.”

माझ्या हातात वड्यांचा डबा होता. तो कुणी घेतला, मला आठवत नाही.

“आमाले एक बी कार्ड नाही भेटलं,” मास्तर म्हणाले. “पोस्टाचं काही खरं आहे का!”

जानेफळला आल्यावर मी नागिणीसारखी पोस्टमनवर उलटले. शेषराव त्याचं नाव. सायकलच्या दांड्याला खाकी पिशवी, मिशीला तूप, चांगला माणूस. मी त्याला बाजाराच्या दिवशी भर चौकात गाठलं.

“माह्या बापाचे कार्ड कुठं टाकले रे मुडद्या? कोन्या नाल्यात टाकले?”

“मी मास्तरच्या हातात देल्ले बाई. दोन्ही. शाळेत. इचारा त्यायले, ते काय उभे हायेत.”

मास्तर खरंच तिथं उभे होते, पिशवीत मेथी होती. साऱ्या बाजारानं त्यांच्याकडं पाहिलं.

“मले नाही आठवत, शेषराव,” मास्तर म्हणाले. इतकंच.

मास्तरांना शंभर मुलांची नावं आणि त्यांच्या बापांची नावं आठवायची. पण माझ्या मनात शंका आली नाही. आली असती तर मला घरी परत कसं जाता आलं असतं? मी शेषरावला ‘कार्डखाऊ’ म्हटलं. पोरांना शब्द आवडला. महिनाभरात पोरं त्याच्या सायकलमागं ‘कार्डखाऊ, कार्डखाऊ’ ओरडत पळायला लागली. मग मी डाकखात्याच्या मोठ्या साहेबाला अर्ज लिहिला. मला येईल तसा लिहिला, ‘माह्या बापाच्या मरणाच्या टायमाले’ असा. मास्तर म्हणाले, असा नाही लिहायचा. समोर बसले, लाल पेन्सिल घेतली आणि माझा अर्ज तपासून दिला. मग मी तो शाईनं लिहून काढला, बाबांच्या वळणात, मनापासून. शेषरावची बदली तालुक्याच्या पार टोकाला झाली. बायको आणि दोन पोरी इथंच राहिल्या. मला फार बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू?

तर त्या अर्जाची नक्कल तारेवर होती. ती काढून मी बाजूला ठेवली आणि तिच्याखाली प्राध्यापकांचं आंतर्देशीय निघालं. ‘तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. अपराधी वाटून घेऊ नका. म्हातारी माणसं जायचीच, कादंबरी राहील. वहिनींना कधी सांगू मात्र नका, बायकांना हे समजत नाही. बाकी इकडे थंडी फार...’

मला वाचूनही काही कळलं नाही. काय केलं होतं यांनी? उठून पाणी प्यायले. परत बसले.

खाली मास्तरांच्या पत्राची नक्कल होती. ‘मध्येच घरात एक अडचण उद्भवली. सासरे अत्यवस्थ असल्याचं कार्ड आलं. आठव्या दिवशी ते गेल्याचं आलं. प्रत अर्धवट राहिली असती तर यंदाचं वर्ष गेलं असतं. मी आमच्या लेखनिकाला काही कळू दिलं नाही. नऊ दिवसांत काम पार पडलं. लेखकाला इतकं निर्दय व्हावंच लागतं का हो?’

एक अडचण! माझे बाबा!

पुढचं पत्र मी ओढलं तेव्हा मला ठाऊक होतं काय निघणार. पोस्टकार्ड. कोपरा फाटलेला.

आमच्याकडं मेल्याची खबर लिहिलेल्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. हाती घेणाऱ्याला वाचायच्या आधीच समजावं, म्हणून. ते कार्ड उंबऱ्याच्या बाहेर वाचायचं, तिथंच फाडायचं आणि डोक्यावरून पाणी घेऊन मगच घरात यायचं. घरात ते ठेवत नाहीत. कुणीच ठेवत नाही. पण मास्तरांच्यानं आलेलं पत्र फाडवत नव्हतं, त्यांचा तो लेखकाचा लोभ. त्यांनी ते तारेला टोचलं. भोक बरोबर ‘बाबा’ या शब्दात पडलं होतं. आणि मी त्याच्याखाली दिवे लावले, गौरी बसवल्या, लेकीच्या लग्नाची हळद कुटली. माझ्या बापाचं सुतक दारामागं लटकत होतं आणि मी त्याच्याखाली पुरणपोळ्या लाटल्या.

त्याखाली मास्तरांनी प्रकाशकांना लिहिलेल्या उत्तराची नक्कल. ‘एकशे आठ पाने उरली आहेत. रोज बारा होतात. नऊ दिवस द्यावेत.’ आणि त्याखाली दिनकरचं पहिलं कार्ड. कार्डावरच्या जानेफळच्या शिक्क्याची आणि त्या नकलेवरची तारीख एकच. कार्ड वाचून झाल्यावर त्यांनी पानं मोजली होती.

‘ताईले लवकर पाठवा. बाबा बोलत नाही, हातानं इचारतात. गाडीचा आवाज आला का दाराकडं पाहतात.’

रोज बारा पानं. मला ते नऊ दिवस नीट आठवतात. मास्तर त्या दिवसांत फार मायेनं वागले. स्वतः पाणी भरलं. एकदा तर माझे पाय चेपून दिले. मी मैत्रिणीला सांगितलं होतं, माझ्या नवऱ्यासारखा नवरा मिळायला पुण्य लागतं. मलकापूरला बाबा गाडीचा आवाज ऐकत होते आणि इथं मी त्यांचा ‘म’ काढत होते, पानामागून पान, घाई न करता, वळण सांभाळून.

मास्तर गेले तेव्हा मी छाती पिटून रडले होते. ते रडणं आता परत मागायची सोय नाही. मी भिंतीवरच्या फोटोपुढं उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. शेजारची सून धावत आली, म्हणाली, काकू, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, उंदीर होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कार्डं आणि अर्जाची नक्कल पदराखाली घेऊन मी मारुतीच्या पारावर गेले. शेषराव तिथं बसतो. रिटायर झाल्यावर गावात परत आला, पण मी समोरून आले की तोंड फिरवायचा, तेव्हापासून आजवर. आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. डोळ्यांत फूल पडलं आहे. बाजूला आणखी चार म्हातारे उन्हाला बसलेले.

“शेषरावभाऊ, कार्ड सापडले.”

त्यानं मान वळवली नाही. आवाज ओळखला असावा.

“कुठं?”

“आमच्याच घरी. तारेले.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“हाव,” तो म्हणाला. जरा वेळ तंबाखू मळत राहिला. “दुसऱ्याचा कोपरा फाटेल होता. पोस्टमननं लोकाचं कार्ड वाचू नये, पण कोपरा फाटेल दिसला का वाचनं होतेच. मी मास्तरले म्हटलं, बाईले मी जाऊन सांगू का? तं म्हने, नको, मी सांगतो.”

“मंग चौकात तुमी हे काऊन नाही बोलले?”

“दोन्ही देल्ले म्हनून बोललो न. तू कुठं आयकलं? आन् मास्तर होते बाई ते. मास्तर नाही म्हनते तं पोस्टमनचं कोन खरं धरते?”

मी हात जोडले. त्याला ते दिसले की नाही, माहीत नाही. म्हटलं, “पुण्याचे लोक पुस्तक करून राह्यले पत्राईचं. मी त्यात सारं लिहून देते. कार्डं, अर्ज, प्राध्यापकाचं पत्र, सारं. तुमचं नाव कोरं होईन.”

तो हसला. दात नव्हते तोंडात. “पुन्याले कोन ओळखते मले? नाव इथं खराब झालं. हे गाव पुस्तक वाचते का? माही बायको मेली तं तिच्या तिरडीमागं एक पोट्टं म्हने, कार्डखाऊची बायको गेली. नवं पोट्टं. त्याले माहीत बी नाही काऊन म्हनतात ते.”

मला तोंड वर करता आलं नाही. शब्द माझाच होता.

“अर्ज हाय का जवळ?” त्यानं विचारलं.

“हाये.”

“वाच. मोठ्यानं वाच.”

मी पारावर उभी राहून वाचला. ‘सदर पोस्टमन यांच्या अक्षम्य बेजबाबदारपणामुळे मला माझ्या वडिलांचे अंत्यदर्शन घेता आले नाही. सदर इसमाचे चारित्र्यही संशयास्पद असून...’ हे चारित्र्याचं मास्तरांनी घातलं होतं, लाल पेन्सिलीनं. तेव्हा मला ते वाक्य भारदस्त वाटलं होतं. चौघा म्हाताऱ्यांतला एक ठार बहिरा, एक डुलक्या घेत होता. उरलेल्या दोघांनी ऐकलं. एवढंच गाव मला मिळालं.

शेषरावनं शेवटपर्यंत ऐकलं. मग तळहातावरची तंबाखू तशीच झटकून टाकली.

“साहेबानं मले हा अर्ज वाचू नाही देल्ला,” तो म्हणाला. “दुरून दाखोला. मी म्हटलं साहेब, मी दोन्ही कार्ड देल्ले, लेकराईची आन. तं साहेब म्हने, शेषराव, हे अक्षर पाय. असं अक्षर असनारी बाई खोटं कायले लिहीन?”

त्यानं माझ्याकडं तोंड केलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. “जाय आता,” म्हणाला. “ते कार्ड फाडून टाक. घरात नसतात ठेवत.”

मी घरी आले. उंबऱ्याच्या बाहेर, तुळशीजवळ बसून दोन्ही कार्डं कागदावर उतरवून घेतली, दिनकरच्या भाषेत, एक अक्षर न सुधारता. मग कोपरा फाटलेलं कार्ड वाचलं, मोठ्यानं, बाबांचं नाव आलं तिथं थांबले, आणि फाडलं. बारीक तुकडे केले. हौदातलं गार पाणी बादलीनं डोक्यावर घेतलं, नेसत्या लुगड्यानिशी. शेजारची सून कठड्यावरून बघत होती. म्हणाली, “काकू, कोन वारलं व?”

“माहे बाबा,” मी म्हटलं. ती चक्रावून आत गेली.

केस ओलेच ठेवून मी कागद पुढ्यात घेतला. संक्रांतीला अजून बारा दिवस आहेत. पत्रं सगळी देणार आहे, प्राध्यापकांचं ‘बरोबरच केलंत’ आणि मास्तरांची ‘अडचण’, काही गाळणार नाही. पोरगीला कळू दे, तिचे आजोबा ज्याचं अक्षर दाखवायचे तो लेखनिक कोण होता. पण सुरुवात अर्जापासून करायची ठरवली. आणि ठरवलं, हा एक कागद तरी घाण लिहायचा. कुणाला वाचावासा वाटू नये, कुणाचा विश्वास बसू नये असा.

घाईघाईनं लिहिला. ओळी वाकड्या केल्या. मग डाव्या हातानं लिहून पाहिला. डोळे मिटून लिहून पाहिला. चाळशी लावून बघितलं तर पानभर बाबांचे ‘म’ बसले होते, गाठ घट्ट मिटलेली, टाचणीचं टोक शिरणार नाही अशी. चार कागद फाडले. अक्षर काही बिघडत नाही.